राणीचा पार्ट शिकवणारे मास्तर

मास्तरनं पहिल्या दिवशी मले गा म्हटलंच नाही. त्यायचं घर नदीच्या अगदी काठावर, आंगणातून खाली पाह्यलं की वैनगंगा, अन् पलीकडं एक माणूस म्हशी धुऊन राहिला होता. मास्तर म्हणाले, त्याले विचार म्हशी किती आहेत. मले तं समोर दिसून राहिल्या होत्या, मी म्हटलं चार आहेत जी. ते म्हणाले मले नाही सांगायचं, त्याले विचारायचं. मी विचारलं. माह्या कडेवर लेकरू होतं ते झोपेतून हललंही नाही, इतकं हळू विचारलं. मास्तर जाळं दुरुस्त करून राहिले होते, मान वर न करता म्हणाले,

“तो काय तुह्या मांडीवर बसला आहे?”

आठ दिवस हेच. घरचं आवरून, पोरगं कडेवर घेऊन मी धापा टाकत जायची, अन् म्हशी किती ते विचारून वापस यायची. ओरडायचं नाही म्हणत, ओरडलं की माणूस भांडाले येते; सांगायचं, पण दूरच्या माणसाले सांगायचं. नवव्या दिवशी पलीकडून आवाज आला, “चारच आहेत वं बाई, रोज काहून विचारते, घ्याची आहे का एखादी?” मास्तर हसले नाही. म्हणाले, आता पद सुरू करू.

आमचं गाव भंडाऱ्याजवळच्या कारध्याहून पुढं, नदीकाठचंच. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते, दुकानं लागतात, पाहुणे येतात, अन् मंडळाचं नाटक होते. आमच्या गावचं नाटक ठरलेलं. गावातल्याच एका म्हाताऱ्या शाळामास्तरनं लिहिलेलं, त्यात एका राणीले राजा घराबाहेर काढते, ती तान्हं लेकरू घेऊन रानात जाते, अन् रानात लेकरू मरते. राणीचा पार्ट बावीस वर्षं माह्या ह्या मास्तरनं केला. मासोळ्या धरणारा माणूस, हाताले जाळ्याचे घट्टे, पण लुगडं नेसून आला की बायका एकमेकीले म्हणत, पाय कसे टाकते पाह्य. मंग त्यायचे दात पडले, शब्द फुसफुस यायले लागले, तवा ते स्वतःच म्हणाले आता बस. त्यानंतर दोन वर्षं एका पोट्ट्यानं राणी केली, तो असा यायचा जसा धानाचा कट्टा पाठीवर आहे, रानात लेकरू मेलं अन् लोक हसले. म्हून मंडळानं ठरवलं की आता राणी खरी बाईच पाहिजे. कोणी म्हणे नागपूरची आणू. आमचे हे मंडळात तबला वाजवतात, यायच्या तोंडून निघून गेलं की धान रोवण्याच्या वक्ताले आमच्या घरची गाते तं चार बांद्या पलीकडच्या शेतात ऐकू येते. झालं. रोवण्यात सगळ्यायच्या मधात वाकून गाणं वेगळं अन् उभं राहून एकटीनं गाणं वेगळं, हे यायले काय माहीत.

मी चौथी शिकली. माणसायच्या समोर चहा ठेवला की मी उंबऱ्याआड होऊन जायची. नाही म्हणायचंही भेव वाटलं म्हून हो म्हटलं. सासू आधी नाहीच म्हणाली, मंग मंडळाचे लोक घरी येऊन बसले तवा म्हणाली, जाऊ दे, पण लेकरू कडेवर घेऊन जाईल, म्हणजे रस्त्यानं पाहणाऱ्याले कळंल कोणाची बाई आहे अन् कुठं चालली. म्हून माहं शिकणं सगळं लेकरासंगच झालं. तवा तो सात महिन्याचा होता, आता पहिलीत जाते.

मास्तर सडेफटिंग होते. एकटेच राहत, रोज डोळ्यात काजळ घालत, अन् त्याच्यावर कोणी बोललं तं म्हणत मासोळ्यायले आवडते. चहा घेत नसत. गायच्या आधी तांदळाची पातळ पेज, मीठ टाकून, स्वतःही घेत अन् मलेही देत, तिखट खाऊन आली असली तं वापस पाठवत. त्यायची एक आदत मले पहिल्यांदा समजली नाही. घरच्या, नदीच्या गोष्टी सांगत तवा मी गेलो, मी आलो म्हणत. नाटकाच्या सांगत तवा मी गेली, मी आली. “त्या वर्षी मी पाटावर बसली होती अन् पडद्याची दोरीच तुटली, मंग मी उठली नाही, तशीच बसून राहिली, अर्धा घंटा.” मी इकडं तिकडं पाहे की कोणती बाई सांगून राहिली.

पेटी त्यायच्या घरी होती पण काढत नसत. पेटीवर शिकली तं पेटी थांबली की तू थांबशील, म्हणत. पद आधी बोलायले लावत. ते कसं, तं राणीचं पद असं होतं:

ऊन आले वाटेवरती, सावली कुठे मागू मी
सुकले ओठ बाळाचे, पाणी कुठे मागू मी
थंड पडले हात याचे, ऊब कुठे मागू मी

मी ते असं म्हणे जसं शाळेत पाढे. मास्तर म्हणाले, तुह्या घरी दह्याले विरजण नाही आहे, तू शेजारणीच्या दारात उभी आहेस, तिच्यासंग मागच्या महिन्यात तुहं भांडण झालं, आता तिच्याकडं विरजण मागायचं आहे, पण शब्द हेच. सावली कुठे मागू मी. मी कशी म्हटली काय माहीत, पण माही मान खाली गेली अन् आवाज थोडा अडला. मास्तर म्हणाले हेच. राणी म्हणजे काय वेगळी असते का, तिच्याही घरी विरजण संपते.

माहा हात सारखा पदराकडं जाये. भेव वाटलं की पदर ओढायची मले सवयच. मास्तरनं एक दिवस सूप आणलं, त्यात दोन ओंजळी तांदूळ टाकले अन् दोन्ही हातानं धरून उभं राहून गा म्हणाले. पदराकडं हात गेला की तांदूळ खाली. सांडले की वेचायचे, वेचून झाले की पुन्हा. चार दिवस मी गाणं कमी अन् तांदूळ जास्त वेचले, अन् कोंबड्या मास्तरच्या आंगणातून हलेनात. ते मधातच कोंबड्यायले म्हणत, बसा बाई बसा, आज बी हाऊसफुल आहे.

अन् ते करून दाखवत तवा मले माहीच लाज वाटे. साठीचा बुढा माणूस, धोतर गुडघ्याच्या वर, आंगावर बनेन, अन् फक्त मान फिरवून मागं पाहे, तं माहेर सुटलेली बाई दिसे. बाई मी, अन् बाईपण सगळं त्यायच्याजवळ. मी एकदा म्हटलं की मास्तर तुमीच करा ना जी, तुमाले माह्याहून चांगलं येते. त्यायनं जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. मंग म्हणाले, मले लोकायले बाई म्हून पाहावं लागे, तू तं आहेसच बाई, तेवढं तुहं काम कमी आहे. आता सगळीकडं बायाच आल्या, आमच्यासारखे गेले, जायलाच पाहिजे होते, पण मी शिकवलेली आली तं थोडा मीही आलो.

लेकरू कडेवर आहे तं लेकराले घेऊनच रानातलं पद म्हणू, असं मले वाटे. मास्तरनं ते चालू दिलं नाही. त्याले खाली चटईवर ठेव म्हणाले, अन् एका जुन्या लुगड्याचं बोचकं बांधून माह्या हातात दिलं. म्हणाले, खऱ्या लेकराकडं तू पाहशील तं मान खाली जाईल, आवाज ओच्यात पडंल, मागं बसलेल्याले काही मिळणार नाही. बोचक्याकडं पाहायचं काही काम नसते, म्हून तोंड लोकायकडं राह्यते. मी बोचकं घेतलं. तवापासून माहा दम पुरेना.

पहिल्या दोन ओळी सरळ जायच्या. तिसरीले आली, थंड पडले, एवढं म्हटलं की श्वास संपे. छातीत काही राहतच नसे. मास्तर म्हणत शब्द मधात तोडू नको, मासोळी मधात तोडतात. मी पुन्हा म्हणे, पुन्हा तिथंच. त्यायले वाटलं दम कमी आहे. मंग दमाच्या मागं लागले. सकाळी रिकाम्या पोटी पेज. नदीपासून घरापर्यंत चढावर पाण्याचा हंडा घेऊन चढ अन् वर येऊन एका दमात पहिली ओळ म्हण. पाण्यात गंजाचं भांडं पालथं दाबून दाखवलं, असा पोटात वारा धरायचा. आमच्या यायले सांगतलं की बाईले गूळ शेंगदाणे खाऊ घाला. हे सगळं मी केलं. आंगात ताकद आली, सासू म्हणाली चेहरा भरला. तिसरी ओळ तिथंच.

ती ओळ म्हणजे आमच्या गावची मोठी गोष्ट. मास्तर ती म्हणत तवा लोक पुन्हा म्हणायले लावत, दोनदा, तीनदा, वन्स मोर वन्स मोर. दुसऱ्या गावचे लोक त्या ओळीसाठी येत. मंडई आठ दिवसावर आली अन् मंडळाचे सेक्रेटरी येऊन आंगणात उभे राहिले, म्हणाले ऐकवा. मी तिथंच थांबली. ते मास्तरले बाजूला घेऊन बोलले, पण मले ऐकू आलं, नागपूरच्या बाईले अजून निरोप देता येते म्हणाले. मास्तर म्हणाले, तीन दिवस द्या.

ते गेल्यावर मास्तरनं जाळं खाली ठेवलं. इतक्या महिन्यात त्यायचे हात रिकामे मी पाह्यले नव्हते. म्हणाले,

“दम आहे तुह्यात. आता मले कळते. मंग काहून थांबते?”

मी कोणाले सांगतलं नव्हतं. घरात सांगायचं नव्हतंच. ह्या पोराच्या आधी मले एक झाला होता, थंडीच्या दिवसात. नऊ दिवसाचा होता. बारसं व्हायचं होतं, म्हून नाव नव्हतं. नवव्या दिवशी पहाटे त्याचे हात थंड पडले. मी त्याची मूठ तोंडाजवळ धरून फुंकत होती, गरम वाफ देत होती, उजाडलं तरी देत होती, मंग सासूनं माह्या हातातून घेतला. ती म्हणाली याचं बोलणं आता घरात काढायचं नाही, काढलं की मागून येणारं लेकरूही जाते. मी काढलं नाही. मंग हा झाला, हा चांगला राह्यला, म्हून मले वाटे ती म्हणाली ते खरंच असंल. अन् आता तीच ओळ, ह्याच्या कानावर पडंल अशी, रोज. जिभेवर आलेलं घरात आलं तं?

एवढं सगळं मी एका दमात सांगतलं, जसं ते पहिल्या ओळीले शिकवत होते तसं. मास्तरनं माही समजूत नाही काढली. म्हणाले, मी ते बोचकं बावीस वर्षं मारलं, गावातलं एकही लेकरू माह्या ओळीनं मेलं नाही, जे गेले ते तापानं, हगवणीनं गेले. मी म्हटलं तुमचं खरं असंल जी, पण मले जमत नाही. ते म्हणाले, बरं. ओळ म्हणू नको. बोचकं घे, दोन ओळी म्हण, अन् तिसरीच्या जागी तुले जे करावं वाटते ते कर.

मी दोन ओळी म्हटल्या. तिसरीच्या जागी मी बोचक्याचं एक टोक मुठीत धरलं अन् तोंडाजवळ नेऊन फुंकलं. एकदा. मंग थांबून हात लावून पाह्यला अन् पुन्हा फुंकलं. मी काही करून दाखवत नव्हती, ते असंच होते. चटईवर माहा पोरगा स्वतःच्याच पायाचा अंगठा चोखत होता.

मास्तरनं आपल्याच कपाळाले हात लावून पाह्यला. मंग म्हणाले,

“बावीस वर्षं मी कपाळाले हात लावला. आईचं कपाळाकडं ध्यानच नसते, नाही का?”

मी हो म्हटलं.

म्हणाले आता असंच करायचं. मी म्हटलं मंडळ मानणार नाही, लिहिणारे शाळामास्तर तं अजून आहेत, त्यायची एक मात्रा बदलली तरी ते भांडतात. अन् कारण काय सांगणार, कारण सांगू नका जी, सासूच्या कानावर गेलं तं मले घरातून पाय काढता येणार नाही. मास्तर म्हणाले कोणाले काही सांगायचं नाही. तीन दिवसानं त्यायनं सेक्रेटरीले सांगतलं की दम आला आहे, पण आता मंडईपर्यंत गळ्याले आराम, कोणाले ऐकवणार नाही. सेक्रेटरीनं मास्तरच्या तोंडाकडं पाह्यलं अन् मानलं.

आमच्या मंडईत नाटक दुपारूनच उभं करत, बाहेरगावच्या लोकायले उजेडात घरी जाता यावं म्हून. पार्ट सोडल्यापासून मास्तर विंगेत वही घेऊन बसत अन् ज्याले आठवलं नाही त्याले शब्द देत. त्या दिवशीही बसले, काजळ घालून. मी स्टेजवर गेली तवा हात पदराकडं गेला नाही. म्हशीवाल्याले विचारत होती तसं मागच्या लोकायले सांगतलं. सावली मागितली, पाणी मागितलं. मंग तिसरी ओळ आली अन् मी बोचक्याची मूठ धरून फुंकली. पेटीवाला ओळ वाजवत राहिला, एकटाच. आमच्या यायनं तबला धीमा केला, यायले वाटलं मी दम घेऊन राहिली. लोक वन्स मोर म्हणायले तयार होऊन बसले होते अन् काय म्हणावं ते त्यायले समजेना. मंग मागून एक जण बोलला, ओळ खाल्ली वं! थोडे लोक हसले. मी पुन्हा फुंकलं, जसं शिकवलं तसं, मंग बोचकं खाली ठेवलं अन् पडदा पडला. बायायमध्ये सासू पुढंच बसली होती. तिनं काय पाह्यलं मले माहीत नाही, तिनं कधी काढलं नाही.

पडद्याच्या मागं सेक्रेटरी आले, नाटक लिहिणारे शाळामास्तर आले, आणखी दोघं आले. काय झालं, ओळ काहून नाही म्हटली, अख्खा मुलूख त्यासाठी आला आहे. काही तरी बोलायचं होतं, पण भेव असं की मले त्यायचे चेहरेही दिसेनात. तवा मास्तर विंगेतून वही घेऊन उठून आले. म्हणाले,

“तिले काय विचारता? तिनं माह्याकडं पाह्यलं, मी दोन पानं एकदम पलटवले. डोळ्याले दिसत नाही आता मले.”

शाळामास्तर भल्ले बोलले त्यायले. बावीस वर्षं स्वतः म्हटलेली ओळ, वही लागते का म्हणे. मास्तर म्हणाले म्हातारपण आहे, चुकलं. अन् वही सेक्रेटरीच्या हातात देऊन पायऱ्या उतरून गेले. माह्याकडं पाह्यलं नाही, मी बोलून बसंल म्हून नसंल पाह्यलं.

घरी आल्यावर यायनं हात धुता धुता विचारलं, खरंच मास्तरचं चुकलं का? सासू चुलीपाशी होती. मी म्हटलं, हो, त्यायचंच चुकलं.

पुढच्या वर्षी मंडळानं वही दुसऱ्याले दिली. मास्तरले कोणी बोलावलं नाही, अन् त्यायनंही विचारलं नाही. मी तवा पुन्हा पोटुशी होती, पार्ट एका नागपूरच्या बाईनं केला, ओळ चांगली म्हटली, वन्स मोर मिळाला. मी मास्तरकडं त्यानंतर गेलीच नाही. कोणत्या तोंडानं जायचं, अन् काम काय सांगून जायचं. एकदाच भंडाऱ्याच्या बाजारात दिसले, भांडेवाल्यायच्या गल्लीत, पितळेचा एक गंज घेऊन राहिले होते. मले म्हणाले, फुंकते का अजून? मी बाजूच्या पोराकडं पाहून म्हटलं, कोणाले फुंकू जी, हा तं शाळेत जायचा झाला. ते म्हणाले, बरं आहे, अन् दुकानदारासंग भाव करायले लागले.

मागच्या पावसाळ्यात गेले. गावातले लोक घाटावर जमले होते, मी पोरीले कडेवर घेऊन दूर उभी होती. जो तो चांगलंच बोलून राहिला होता, असा माणूस होणार नाही, काय राणी करत होता. मंग सेक्रेटरी म्हणाले, शेवटी डोळ्यानं धोका दिला बिचाऱ्याले, नाही तं त्या मंडईत अशी फजिती झाली नसती. सगळ्यायनं हो हो केलं. आमच्या यायनंही केलं. मले वाटलं आता सांगावं, पण इतके माणसं, अन् सासू बाजूले. मी पोरीचा झगा सरळ केला.

रस्त्यानं येता येता हे म्हणाले, तुही ती ओळ राहून गेली त्यायच्या पायी.

तवापासून मी हे थोडं थोडं लिहून राहिली, पोराच्या जुन्या वहीत. मास्तरनं पान पलटवलंच नव्हतं. वही मांडीवर बंद होती, मी पाह्यली आहे. आज हे घरी आले की हे सगळं यायले वाचून दाखवीन. सासू देवळात गेल्यावर.